मायेची ऊब पुरे झाली

दिवाळी अंक हातात आला की मी एक खेळ खेळतो. आईची गोधडी कितव्या पानावर भेटते, ते पाहावयाचे. फार पाने उलटावी लागत नाहीत. कधी ती कवितेत असते, कधी व्यक्तिचित्रात, तर कधी शहरात स्थायिक झालेल्या एखाद्या गृहस्थाच्या आठवणींत. थंडी पडलेली असते, आई हयात नसते, ट्रंकेच्या तळाशी गोधडी सापडते, गृहस्थ ती नाकाशी नेतात, तिला चुलीच्या धुराचा वास येतो आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. त्यानंतर एक वाक्य हमखास येते : या गोधडीला मायेची ऊब आहे, ती बाजारातल्या कोणत्याही ब्लँकेटला यावयाची नाही. लेख संपतो. वाचक हळहळतात. पुढल्या वर्षी दुसरे गृहस्थ दुसरी ट्रंक उघडतात.

या खेळातला एक गुन्हेगार मी स्वतः आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. २००५ साली माझी पहिली कादंबरी आली. तिच्यात आईच्या गोधडीवर सबंध एक प्रकरण आहे. त्या कादंबरीला फार वाचक मिळाले असे नाही. पण ज्यांनी वाचली त्यांनी त्या प्रकरणाबद्दल मुद्दाम पत्रे लिहिली. एका समारंभात मी ते वाचून दाखवले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायका पदराने डोळे पुसत होत्या. मला फार बरे वाटले. आज मी त्या प्रकरणाच्या विरुद्ध लिहावयास बसलो आहे. कारण ज्या गोधडीवर मी ते लिहिले, ती तेव्हा अर्धीच होती, आणि ती पुरी करण्याचे काम मी यंदा, म्हणजे २०२५ साली, स्वतःच्या हाताने केले. बावीस वर्षे लोंबकळलेले काम संपले. ते संपता संपता माझ्या ध्यानात आले की गोधडीबद्दल आम्ही लेखकांनी आजवर जे लिहिले, त्यात गोधडी सोडून बाकी सर्व काही आहे.

आमचे गाव आळे. जुन्नर तालुक्यातले. कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता आणि पुणे-नाशिक रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तो आळेफाटा सर्वांना ठाऊक असतो. गाव मात्र पुष्कळांना ठाऊक असते ते रेड्याच्या समाधीमुळे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा आळंदीच्या वाटेवर आमच्या गावी देह ठेवता झाला, अशी श्रद्धा आहे. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते. या रेड्याकडे मला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

गोधडी आईने २००३ साली मांडली. माझी आजी, म्हणजे आईची सासू, त्याच्या आदल्या वर्षी वारली होती. तिची दोन इरकली लुगडी वरखाली, आत वडिलांची जुनी धोतरे आणि आईची विरलेली पातळे, असे पाच पदर पडवीत अंथरून आईने ते कच्च्या टाक्यांनी टाचले आणि एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू केला. आमच्याकडे गोधडी बाहेरून आत शिवत जातात. कडेची एक ओळ चारी बाजूंनी फिरली की तिच्या आत पाऊण इंचावर दुसरी, तिच्या आत तिसरी. चौकोनात चौकोन घालत घालत मध्याशी यावयाचे. दक्षिणेकडे साताऱ्या-कोल्हापुराला हिलाच वाकळ म्हणतात. नाव कोणतेही असो, टाका तोच : सुई खाली, सुई वर, दोरा ओढ, पुन्हा सुई खाली.

आईने बाहेरच्या ओळी भराभर घातल्या. मी सकाळी शाळेत जाण्याआधी तिला दहाबारा सुया ओवून देत असे. ती त्या कॅलेंडरच्या कडेला ओळीने टोचून ठेवी आणि दिवसभर एकेक उपसून वापरी. पुढे मी कादंबरी लिहू लागलो. सकाळची वेळ लिहिण्यात जाऊ लागली. आई म्हणे, "सुया ओवून दे रे तेवढ्या." मी म्हणे, "देतो, एवढं पान होऊ दे." पान होई तोवर शाळेची वेळ होई. काही दिवसांनी तिने मागणे सोडले. आणखी काही दिवसांनी गोधडी घडी करून ट्रंकेत गेली. २००९ साली आई गेली.

ती गोधडी अर्धी का राहिली, याचे उत्तर माझ्या कादंबरीत मोठ्या नजाकतीने दिलेले आहे. सासूच्या आठवणीने आईचे मन भरून येई, हात थांबे, आणि शेवटी ती गोधडी पुरी होऊच नये असे तिला वाटू लागले. कारण गोधडी संपली की सासूचा सहवास संपला! असे मी लिहिले. वाचकांना ते फार आवडले. मलाही आवडले. आईने ते वाचले नाही. तिला अक्षरे येत होती. तरी तिने का वाचले नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीत घर सारवायला काढले, तेव्हा ट्रंक उघडली. मी पत्नीला म्हणालो, "तुझ्या हाताला सवय आहे, एवढी पुरी करून टाक ना." हे वाक्य मी त्याआधीही चारपाच वेळा तिला म्हणालो असेन. या वेळी ती म्हणाली, "अहो, आई तुमची, गोधडी तुमच्या आईची, त्यावर पुस्तक तुमचं, आणि सुई तेवढी माझ्या हातात? माझ्या आईच्याच दोन शिवायच्या राहिल्यात." यावर मला उत्तर सुचले नाही. मी गोधडी पडवीत अंथरली.

आणि पहिल्याच दिवशी अडलो. सुई ओवेना. दोरा जिभेवर ओला केला, बोटांत पिळला, सुई उजेडाकडे धरली, हात लांब केला, जवळ आणला. सुईला भोक आहे की नाही इथपर्यंत शंका येऊ लागली. मी पंचेचाळिशीचा माणूस. फळ्यावरचे अक्षर मला शेवटच्या बाकावरून दिसते. पण जवळचे दिसेना. त्या सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात गेलो आणि एका टोपलीवाल्याकडून दीडशे रुपयांना जवळचा चष्मा घेतला. घरी येऊन तो लावला, आणि सुईचे भोक वेशीच्या दरवाजाएवढे दिसू लागले.

मराठीने या चष्म्याला 'चाळिशी' असे नाव दिलेले आहे. म्हणजे हे दुखणे कोणाला, कोणत्या वयात आणि किती नेमाने होते, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुरुषाला चाळिशी लागते. तो पोथी वाचतो, हिशेब लिहितो, पेपर वाचतो. त्याच्या नाकावर ती शोभते. बाईला काय वाचावयाचे असते? तिला फक्त तांदळातले खडे, सुईचे भोक, पोराच्या डोक्यातल्या उवा आणि औषधाच्या बाटलीवरचा कागद पाहावयाचा असतो. तेवढ्यासाठी चष्मा कशाला?

गोधडी शिवावयाची कशी, हे मला शेजारच्या मावशींनी शिकवले. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. माझ्या आईच्या त्या सोबतीण. त्यांनी आधी माझी धांदल पाहून पोटभर हसून घेतले. मग गोधडीजवळ बसल्या आणि आईच्या टाक्यांवरून तळहात फिरवत फिरवत बाहेरून आत आल्या. कडेच्या ओळींतला टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एकसारखा, ओळ सुतात. आत येत येत टाका मोठा होत गेलेला. शेवटच्या तीन ओळींत तर तो बोटाच्या पेराएवढा. आणि ओळ एका ठिकाणी शेजारच्या ओळीवर चढून परत खाली उतरलेली. मावशींचा हात तिथे थांबला. त्या म्हणाल्या, "हितनं पुढं तुझ्या आईला दिसत नव्हतं बघ."

मी म्हणालो, "तुम्हांला कसं ठाऊक?"

"तिनंच सांगितलं व्हतं की. म्हनायची, पोरगं लिहीत बसतंय, त्याला सुईपायी कशाला उठवायचं."

वाचकहो, माझ्या कादंबरीतल्या त्या प्रकरणाला मिळालेले हे सर्वांत खरे परीक्षण. सासूची आठवण नव्हती, भरून आलेले मन नव्हते, सहवास संपण्याची भीती नव्हती. तिला दिसत नव्हते. तिला एक चष्मा हवा होता. आणि तो घरात आणू शकणारा माणूस, पगार मिळवणारा, त्याच छपराखाली बसून तिच्या न शिवण्याचे सुंदर कारण शोधत होता. आईने माझी कादंबरी का वाचली नाही, तेही मला त्या दिवशी उमगले.

मी शाळेत गणित शिकवतो. म्हणून पुढले काम मी मला जमेल त्या रीतीने केले : मोजले. गोधडी सात फूट लांब आणि पाच फूट रुंद. दोन ओळींत पाऊण इंच. अशा सर्व ओळी एकापुढे एक मांडल्या तर ५६० फुटांची वाट होते. इंचाला तीन टाके धरले तर वीस हजारांहून थोडे अधिक टाके होतात. आईने सोडलेला मधला तुकडा साडेचार फूट लांब आणि अडीच फूट रुंद होता; त्यात साडेसहा हजार टाके बसले. मला ते घालावयास एकंदर ५४ तास लागले. कारण पाच पदरांतून सुई काढताना माझे मिनिटाला दोन टाके पडत होते. मावशी याच वयात मिनिटाला पाच घालतात. त्यांच्या वेगाने सबंध गोधडी शिवावयाची तर ६७ तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेआठ दिवसांचे काम. धुणे, फाडणे, जोडणे, टाचणे यात धरलेले नाही.

आता याची रोजी काढू. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाला २०२५-२६ साठी ठरलेला दर दिवसाला ३१२ रुपये. त्या हिशेबाने एका गोधडीची नुसती मजुरी सव्वीसशे रुपये होते. हा दर खोदकामाचा आहे, कसबाचा नव्हे. कसबाचा धरला तर आणखी वाढेल. माझी आई १९७२च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर होती. त्या दुष्काळातूनच पुढे महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. खडीच्या कामावर हजेरीपट होता. त्यावर तिचे नाव होते, दिवस होते, रोजी होती, अंगठा होता. तिने खडी किती फोडली याची नोंद सरकारदरबारी झाली. तिने जन्मभरात गोधड्या किती शिवल्या, हे आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही. मी एकीवर पुस्तक लिहिले; पण मलाही सांगता येत नाही.

इथे माझे लेखकबंधू कानांवर हात ठेवतील. "काय हा माणूस! आईच्या मायेचा रोजंदारीवर हिशेब करतो!" हा आक्षेप मी नीट ऐकून घेतलेला आहे, कारण तो मीच मला बरेच दिवस घेत होतो. त्याला माझे उत्तर असे की, मी मायेची किंमत करीत नाही, टाक्यांची करतो. माया आणि टाका या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आई माझ्यावर माया करीत होती, ती गोधडी नसती तरी केली असती. टाका मात्र डोळ्याने, बोटाने आणि पाठीने घातला जातो. त्याला उजेड लागतो, वेळ लागतो. या सर्वांवर आपण 'माया' हा एकच शब्द पांघरतो. तो पांघरला की मग उजेड कोणी दिला, वेळ कोठून काढला, डोळ्यांचे काय झाले, हे विचारावे लागत नाही. मायेला चष्मा लागत नाही ना!

दुसरा आक्षेप आनंदाचा. बायका एकत्र बसत, गाणी म्हणत, सुखदुःख बोलत, गोधडी शिवत; तो त्यांचा विसावा होता; तुम्ही त्याला कष्ट का म्हणता? हे खरे आहे की त्या गात. जात्यावरही गात. म्हणून दळण हा विसावा होता, असे म्हणण्यास कोणी पुरुष जात्यावर बसला नाही. गिरणी आली तेव्हा बायकांनी जाते कोपऱ्यात उभे केले, ते ओव्या नकोशा झाल्या म्हणून नव्हे. मावशींना मी हे विचारले. त्या म्हणाल्या, "गानं म्हनलं म्हंजी पाठ दुखायची राहती व्हय?"

तिसरा आक्षेप पारावरचा. मी पडवीत गोधडी घेऊन बसलेला दिसलो की जाणारेयेणारे थबकत. "काय गुरुजी, हे बायकांचं काम कुठं घेतलंत?" आता आमच्या गावात शिंपी आहेत, ते पुरुष आहेत. नामदेव महाराज शिंपी. सुईदोरा पुरुषाच्या हातात शोभत नाही असे म्हणावे, तर सबंध वारकरी पंथाची पंचाईत होईल. खरी गोष्ट अशी आहे की, सुई यंत्राला लावली, पुढे गिऱ्हाईक बसले आणि पैसे हातात पडले की तो धंदा ठरतो आणि पुरुष तो करतो. तीच सुई जमिनीवर बसून, घरच्यासाठी, फुकट चालवली की ते बायकांचे काम होते.

आणि ब्लँकेट! आमच्या लेखांतला हा ठरलेला खलपुरुष. आळेफाट्यावर हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला त्यांचे रंगीत ढीग लागतात. ती माया नसलेली, यंत्राने केलेली, परकी वस्तू, असे आम्ही लिहितो. पण पानिपतच्या गिरण्यांत काय चालते ते पाहावे. देशोदेशीचे टाकून दिलेले लोकरी कपडे तिथे येतात. त्यांच्या चिंध्या होतात, चिंध्यांचे सूत होते, सुताची ब्लँकेटे होतात. म्हणजे तीही चिंध्यांचीच. जुन्या वस्त्रातून नवी ऊब करण्याची विद्या तीच. फरक एवढाच की तिथे तिला कारखानदारी म्हणतात. तिथला कामगार फार सुखात आहे असे माझे म्हणणे नाही. पण त्याला आठवड्याला मजुरी मागता येते. "तुझ्या हाताला माया आहे" असे सांगून मालक त्याला परत पाठवू शकत नाही.

चौथी मंडळी शहरातली. ती म्हणतात, आता गोधडीला चांगले दिवस आले आहेत. प्रदर्शनांत तिला मान आहे, भिंतीवर टांगतात, हस्तकला म्हणून घेतात. मानाची गोष्ट निघालीच आहे तर अमेरिकेतल्या हॅरिएट पॉवर्स या बाईची हकीकत सांगतो. ती १८३७ साली जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मली. पुढे मुक्त झाल्यावर तिने बायबलातल्या कथा कापडाच्या तुकड्यांनी जोडून एक गोधडी केली. १८८६ साली ती एका जत्रेत मांडली, तेव्हा एका चित्रकला शिक्षिकेने ती मागितली. हॅरिएटने दिली नाही. पुढे घरात ओढग्रस्त आली. १८९१ साली तिने होऊन दहा डॉलर सांगितले, आणि अखेर पाच डॉलरांना गोधडी दिली. दिल्यावर ती पाहावयास ती पुन्हा पुन्हा त्या बाईच्या घरी जात असे. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. मान अखेर मिळाला, यात शंका नाही. तो गोधडीला मिळाला.

आता आमच्या रेड्याकडे येतो. माझा त्या समाधीवर राग नाही. लहानपणापासून मी तिथे नारळ फोडलेला आहे. पण सुई चालवता चालवता एक गोष्ट मनात येई. त्या रेड्याने जन्मभर ओझी वाहिली असतील. त्याची समाधी मात्र ओझ्यांसाठी नाही. तो एक दिवस वेद बोलला, म्हणून आहे. बोलला नसता तर ओझे वाहूनच मेला असता, आणि कोणत्या गावात मेला हे कोणी विचारले नसते. आपली रीतच अशी आहे. अंगावर गोधडी पांघरून गावोगाव फिरणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. ते म्हणावे अशीच त्यांची थोरवी. बाबा स्वतः खराटा हातात घेणारे, श्रमाची किंमत जाणणारे होते. पण कामाला शब्द फुटल्याखेरीज आपल्याला ते दिसत नाही. बायकांच्या टाक्यांना शब्द फुटला नाही. म्हणून तो आम्ही लेखकांनी आपल्या पदरचा घातला, आणि तो चुकीचा घातला.

माझ्या आईसारख्या बायकांना नेमके काय हवे होते, हे आता मोजून पाहिले गेले आहे. आसामातल्या चाळीस वर्षांवरच्या ७५१ चहामजुरांची पाहणी २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यातल्या निम्म्यांना जवळचा चष्मा दिला, निम्म्यांना अभ्यास संपेतो दिला नाही. चष्मा मिळालेल्यांची पानतोड दुसऱ्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. बांगलादेशात विणकर, शिवणकाम करणाऱ्या बायका, चहामजूर अशा लोकांना असेच चष्मे देऊन पाहिले. त्याचा अहवाल २०२४ साली आला. आठ महिन्यांत चष्मेवाल्यांची मिळकत तिसऱ्या हिश्शाने वाढलेली निघाली. शस्त्रक्रिया नाही, औषध नाही; बाजारात टोपलीत मिळणारी वस्तू. आणि मी सासूच्या सहवासाची कारणे शोधत होतो.

यावर कोणी म्हणेल, झाले ते झाले. तुम्हांला पश्चात्ताप झाला, तुम्ही गोधडी पुरी केली, आता लेख संपवा. तसा तो संपला असता तर हाही एक 'आईची गोधडी' लेखच झाला असता. पण मधेच एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून माझी सुटका नाही.

श्रावणातल्या एका दुपारी मी चष्मा गोधडीवर ठेवून पाणी प्यावयास उठलो. परत आलो तर पत्नी तो लावून बसली होती. तिच्या पुढे तांदळाची परात. ती खडे वेचीत नव्हती; नुसती तांदळाकडे पाहत होती. मला पाहून ती म्हणाली, "अहो, हे किती खडे राहतात हो यात." गेली दोनतीन वर्षे ती परात उंबऱ्याशी उजेडात नेऊन बसत असे. जेवताना माझ्या दाताखाली खडा आला की मी कपाळाला आठी घालत असे. ती माझ्याहून एकाच वर्षाने लहान आहे. आईच्या डोळ्यांची चूक कळल्यावर मी रात्र रात्र तळमळलो होतो. बेल्ह्याच्या बाजारातून चष्मा मात्र एकच आणला होता. घरात चाळिशी ओलांडलेले दुसरे माणूस आहे, हे मला आठवले नव्हते. ज्या बाईने "सुई माझ्या हातात का" असे मला विचारले, तिला ती सुई ओवता येत नव्हती. आणि तसे ती म्हणाली असती तर मी त्यावरही एक प्रकरण लिहिले असते.

दुसऱ्या सोमवारी आम्ही दोघे बेल्ह्याला गेलो. तिने चार चष्मे लावून, एक निवडून, भावात वीस रुपये कमी करून घेतला. पुढे तालुक्याच्या गावी डोळे तपासूनही आणले. मावशींना मोतीबिंदू आहे असे तिथेच कळले. त्यांची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर व्हायची आहे. गेली दोन वर्षे त्या गोधडी हाताच्या अंदाजाने शिवत होत्या आणि मी त्यांच्या हाताचे मिनिटाला पाच टाके मोजत होतो.

गोधडी २१ सप्टेंबरला पुरी झाली. तो दिवस सर्वपित्री अमावास्येचा होता. रविवार होता म्हणून मला वेळ मिळाला. त्याचा दुसरा अर्थ कोणी लावू नये. मध्याची शेवटची बोटभर जागा उरली तेव्हा मावशींनी भाकरीचा तुकडा आणि हळदकुंकू आत घालावयास लावले. गोधडीचे पोट रिकामे ठेवू नये, अशी रीत आहे. रीत मी पाळली. माझे टाके आईच्या शेवटच्या ओळींहूनही वाकडे आहेत. तिचे अंधुक डोळ्यांनी घातलेले आणि माझे चष्म्यातून घातलेले शेजारी शेजारी दिसतात. कोणाचे कोणते, हे ओळखणे अवघड नाही.

माझे लेखकांना सांगणे एवढेच आहे. गोधडीवर लिहू नका असे मी म्हणत नाही. पण लिहिण्याआधी वीतभर शिवून पाहा. मग ऊब कोणत्या शब्दांत सांगावयाची ते ठरवा. आणि गोधडी अर्धी राहिलेली असेल, तर शिवणारीचे मन कोठे गेले याचा शोध घेण्याआधी तिचे डोळे कोठे गेले ते विचारा. आपल्याकडे काम अर्धे टाकणाऱ्याला आरंभशूर म्हणतात. घरोघरच्या ट्रंकांत पडलेल्या अर्ध्या गोधड्या पाहून बायकांना कोणी तसे म्हणण्याआधी, त्या घरातल्या सुया कोण ओवून देत होते आणि त्यांनी ते केव्हा सोडले, याची चौकशी व्हावी.

वाचकांना एक विनंती. हा अंक खाली ठेवलात की घरातल्या चाळिशी उलटलेल्या बाईच्या हातात एक सुई आणि दोरा द्या. आई असेल, बायको असेल, वहिनी असेल, भांडी घासावयास येणाऱ्या मावशी असतील. सुई ओवता आली तर उत्तमच. नाही आली, तर दिवाळीच्या खरेदीच्या यादीत आणखी एक वस्तू लिहा आणि ती इतर खरेदीच्या आधी आणा. आणताना तिलाही बरोबर न्या; चष्मा तिच्या डोळ्यांना लावून पाहावा लागतो.